मागची काच बदलताना काचेखालचा पत्रा आधी बघा

जुन्या छोट्या गाडीची मागची काच घरच्या घरी बदलता येईल का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: काच रबरात बसवलेली आहे की चिकटवलेली? काचेच्या चारही बाजूंनी जाड काळं रबर दिसत असेल, नखाने त्याची कड उचलली जात असेल आणि आतूनही तेच रबर पत्र्यावर चढलेलं दिसत असेल, तर काच रबरातली. काचेच्या कडेला काळा पट्टा छापलेला असेल आणि काच पत्र्याच्या जवळजवळ सपाटीला असेल, तर ती पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने चिकटवलेली. तो काळा पट्टा शोभेसाठी नसतो, त्याच्यामुळे खालच्या पॉलियुरेथेनला ऊन लागत नाही. चिकटवलेली काच काढायला खास तार किंवा पातं लागतं. बसवताना प्रायमर हवा, पॉलियुरेथेनची रेघ कुठेही न तुटता सलग पडायला हवी आणि ती पकड घेईपर्यंत गाडी जागेवरून हलता कामा नये. ते काम रोज करणाऱ्याकडेच द्यावं. रबरातली काच मात्र दोन माणसं, एक दोरी आणि साबणाचं पाणी एवढ्यावर बसते. पुढचं सगळं त्या काचेबद्दल आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. काच बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ द्यायचा तो ज्या पत्र्याच्या कडेवर रबर बसतं तिला. लोक नवी काच आणतात, नवं रबर आणतात, आणि खालच्या गंजलेल्या कडेवर ते तसंच चढवून देतात. मग पाऊस पडला की डिकीत पाणी, आणि दोष येतो रबरावर.

काच मागवण्यापूर्वी गाडीचं मॉडेल आणि वर्ष दोन्ही पक्कं करा. एकाच नावाच्या गाडीत काच बदलत गेलेली असते. फोक्सवॅगन बीटलची मागची काच १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची होती, मग १९५७ पर्यंत लंबगोल, आणि त्यानंतर बरीच मोठी. डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा आहेत का, वायपरचं भोक आहे का, हेही जुळलं पाहिजे. भोक नंतर पाडू म्हणाल तर ते शक्यच नाही, कारण मागची काच टफन असते. ती सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम थंड केलेली असते. त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली कायमचा अडकून राहतो. ताकद त्यातूनच येते, आणि तो समतोल एका जागी बिघडला की सगळी काच एका क्षणात हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत विखुरते. म्हणून टफन काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासून बारीक करता येत नाही. तिची सर्वांत नाजूक जागा म्हणजे कड आणि कोपरे. काच हातात आली की उघड्या फरशीवर कोपऱ्यावर कधीही टेकवू नका. जाड घोंगडी अंथरा आणि तिच्यावर आडवी ठेवा. जुनी वापरलेली काच घेत असाल तर कडेवरून बोट फिरवत सगळा घेर तपासा. एखादा लहानसा टवका उडालेला असला तरी ती काच घेऊ नका.

जुनी काच फुटलेली असेल तर आधी सफाई. हातात जाड मोजे, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. व्हॅक्यूम क्लीनर सीटवर, गालिच्यावर, सीटच्या रुळांत फिरवाच, पण सीटबेल्ट विसरू नका. मागचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून धरा आणि ते जिथे गुंडाळले जातात त्या फटीपाशी नळी लावा. तिथे गेलेला तुकडा पुढे पट्टा अडकवतो किंवा कापतो. मागचं दार वर उघडणारं असेल तर त्याच्या आतल्या पोकळीतही काच साचते. आतलं पॅनेल काढल्याशिवाय ती निघत नाही, आणि नाही काढली तर प्रत्येक खड्ड्यात खळखळते. पॅनेल काढलंच आहे तर खालच्या बाजूची पाणी जाण्याची भोकंही मोकळी करून घ्या.

काच नसताना गाडी चालवायचा मोह टाळा, अगदी जवळ जायचं असलं तरी. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर मागच्या मोकळ्या जागेतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही.

काच शाबूत असून फक्त रबर बदलायचं असेल, तर आधी बॅटरीची ऋण तार काढा, मग डिफॉगरच्या दोन्ही टोकांच्या तारा सोडवा. टोकं काचेला डाग देऊन (सोल्डर करून) लावलेली असतात. तार ओढायची नाही, टोक एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जोड हलवत काढायचा. वायपर असेल तर तोही उतरवा. रबराच्या मधल्या खाचेत चकचकीत किंवा काळी पट्टी असेल तर ती आधी टोकाकडून उचलून पूर्ण काढून घ्या. ती पट्टी रबराला आतून फुगवून घट्ट धरते, ती असताना काच निघणार नाही. जुनं रबर फेकायचंच असेल तर सरळ उपाय म्हणजे धारदार सुरीने बाहेरची कड काचेलगत कापून टाकणं. पात्याचा रोख काचेकडे ठेवा, रंगाकडे नको. मग आत बसलेल्याने वरच्या कोपऱ्याजवळ दोन्ही तळव्यांनी हळू दाब द्यायचा आणि बाहेर उभ्या असलेल्याने काच झेलायची. बाहेरचा माणूस नसेल तर हे काम त्या दिवशी करूच नका.

आता पत्र्याची कड उघडी पडते. इथे घाई करायची नाही.

रबराखाली पाणी जातं ते उतरत उतरत खालच्या दोन कोपऱ्यांत साचतं. म्हणून गंज शोधायचा तो तिथे. जुनं सीलंट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं रॉकेल किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या बोथट टोकाने सगळी कड टोचत जा. पत्रा जिथे दबतो किंवा पापुद्रे सुटतात तिथे वरवरच्या रंगाने काही होणार नाही. आरपार भोक असेल तर वेल्डिंग करूनच घ्या. काही जण अशा भोकावर लांबी (पुट्टी) भरतात. लांबी पाणी शोषते, खाली गंज वाढत राहतो, आणि कड जाड झाल्यामुळे रबराची खाच तिच्यावर बसतही नाही. ही खाच पत्र्याच्या जाडीच्या मापाने केलेली असते, हे लक्षात ठेवा. रंगाचे थरही म्हणूनच पातळ हवेत.

नुसता वरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा. तो गंजाचं काळ्या, टिकाऊ थरात रूपांतर करतो. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग प्रायमर, मग रंग. बऱ्याच गाड्यांत ही कड दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेली असते. त्या दोन पत्र्यांमधल्या फटीत सीम सीलर बोटाने दाबून भरा, नाहीतर पाणी रबराला वळसा घालून फटीतून आत शिरतं. रंग हाताला कोरडा लागला म्हणून लगेच रबर चढवू नका. कोवळा रंग रबराला चिकटतो आणि पुढच्या वेळी रबराबरोबर निघून येतो. दोन दिवस थांबता आलं तर थांबाच.

रबर शक्यतो नवंच घ्या, कोपरे साच्यात घडवलेलं. जुनं रबर कडक झालेलं असतं, कोपऱ्यांत बारीक चिरा असतात आणि ते आकसलेलंही असतं. थंडी असेल तर रबर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, चांगलं मऊ पडतं. मग घोंगडीवर ठेवलेल्या काचेच्या कडेवर ते चढवा. आधी कोपरे, मग मधले भाग. कोपरा कोपऱ्यावर तंतोतंत आला पाहिजे, नाहीतर पुढे कुठेतरी रबर कमी पडतं.

आता दोरी. तीन-चार मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत नायलॉनची. रबराच्या बाहेरच्या खाचेत, म्हणजे जी पत्र्यावर बसणार आहे त्या खाचेत, ती सगळ्या घेरात दाबत न्या. सुरुवात आणि शेवट खालच्या बाजूला मधोमध ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांवरून वीतभर ओलांडून गेली पाहिजेत आणि आत लोंबत राहिली पाहिजेत. खाचेत आणि पत्र्याच्या कडेवर भांडी घासायच्या साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. तेल किंवा ग्रीस मुळीच नको, खनिज तेलाने रबर फुगतं आणि सडतं. साबण नंतर पाण्याने धुऊन जातो.

आमच्याकडे दोरी ओढायचं काम माझी मुलगी करते, मी बाहेरून दाबतो. ताकदवान माणूस आत बसवायची पद्धत मला पटत नाही. आतल्या कामाला जोर नको, संयम हवा. मी काच खालच्या कडेवर टेकवून मधोमध धरतो आणि उघड्या तळव्याने दाबून ठेवतो. ती एक टोक धरून दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने, काचेला समांतर ओढत जाते. दोरी निघते तशी रबराची आतली कड पत्र्यावरून उडी मारून आत येते. दोरी जिथून निघत असेल नेमक्या त्याच जागी बाहेरून माझा तळवा असतो. त्यासाठी ती सतत बोलत राहते: ‘‘बाबा, आता उजव्या कोपऱ्यापाशी... थांबा, इथे कड दुमडली, परत दाबा.’’ दुमडलेली कड प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायची, स्क्रू ड्रायव्हरने नाही. आधी खालची बाजू अर्धी-अर्धी, मग दोन्ही उभ्या बाजू आळीपाळीने, आणि वरची बाजू शेवटी. दोरी अडली तर ओढू नका. साबणाचं पाणी घाला, तिथे बाहेरून दाब द्या, मग पुन्हा ओढा. काचेवर मुठीने ठोकायचं नाही. शेवटचा वरचा भाग हट्टी असतो, तिथे काच किंचित खाली सरकवली की वाट मिळते.

रबराच्या मधल्या खाचेतली पट्टी असेल तर ती आता बसवा. खाचेत साबणाचं पाणी, आणि पट्टी बसवायचं डोळ्याच्या आकाराचं हत्यार मिळालं तर उत्तम. त्याशिवाय हे काम बोटांना फार त्रास देतं. पट्टी मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब कापा आणि दाबून बसवा, कारण ती पुढे आकसते. जोड कोपऱ्यात येऊ देऊ नका.

रबर नवं आणि पत्रा नीट असेल तर बऱ्याचदा सीलंटची गरजच पडत नाही. लावायचंच असेल तर कधीही न सुकणारं, मऊ राहणारं विंडस्क्रीन सीलंट घ्या. रबराची बाहेरची कड प्लास्टिकच्या पट्टीने उचलून तिच्याखाली बारीक रेघ भरा, काचेच्या बाजूला आणि पत्र्याच्या बाजूला. न्हाणीघरात लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन इथे नको. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि इतक्या कष्टाने तयार केलेली कड तेच गंजवायला लागतं.

तारा आणि बॅटरी जोडून डिफॉगर चालू करा आणि तपासून घ्या. मल्टिमीटरची एक पिन गाडीच्या पत्र्याला आणि दुसरी काचेवरच्या एकेका रेघेच्या मधोमध टेकवा. १२ व्होल्टच्या गाडीत तिथे साधारण ६ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य किंवा पूर्ण १२ दिसले तर ती रेघ कुठेतरी तुटलेली आहे. पिन रेघेवर घासू नका, टोकाला ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळा. तुटलेल्या जागी चांदीचा वाहक रंग लावून रेघ जोडता येते.

पाण्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या. नळी संथ सोडा, आधी खालच्या कडेवर आणि हळूहळू वर न्या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठे आहे तेच कळत नाही. आत विजेरी आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन एकाने बसावं. रबराच्या कडेने पेपर फिरवत राहिलं की पहिला थेंब लगेच कळतो. काचेभोवती सगळं कोरडं असूनही डिकी ओली होत असेल तर रबराच्या मागे लागू नका. मागच्या दिव्यांची गॅस्केट, दाराच्या बिजागऱ्या आणि छताच्या पत्र्याचा जोड, या तीन जागा त्याच पद्धतीने खालून वर तपासा.