फायर डोअरला लॉक कोणतं लावायचं आणि कोणतं अजिबात नाही

इंदूरला विजय नगर, निपानिया, बायपासच्या बाजूला नव्या मल्टी, म्हणजे बहुमजली इमारती, भराभर उभ्या राहतायत, जिन्याच्या तोंडाशी आग-धूर अडवणारं फायर डोअर असतंच, पण त्याला लॉक कसलं लावलंय हे बघतंय कोण, आणि बघितलंच तर कडी-कोयंड्यात कुलूप, किल्ली चौकीदाराच्या खिशात आणि चौकीदार चहाला गेलेला. कमिटीला विचारा, उत्तर ठरलेलं, चोऱ्या होतात ना!

ते कुलूप आधी काढा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे बाहेर पडायचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, म्हणजे अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसालासुद्धा. १९९७ साली दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं धुराने गुदमरून गेली, बाल्कनीतून बाहेर पडायची वाट अडलेली होती.

आता लॉक. सगळ्यांना वाटतं उघडलं की झालं, पण फायर डोअरचं अर्धं काम बंद राहण्याचं आहे. आग लागली की खोलीत दाब वाढतो आणि नुसतं टेकवलेलं दार हळूहळू ढकललं जातं, मग धूर सरळ जिन्यात. म्हणून डोअर क्लोजरने, म्हणजे दार ओढून लावणाऱ्या दांड्याने, दार स्वतःहून बंद व्हायला हवं आणि लॅच, म्हणजे चौकटीत अडकणारी जीभ, आपोआप खटकन बसायला हवा. आतून ढकललं की लॅच मागे सरकतो, सोडलं की परत बसतो, पॅनिक बारचं, म्हणजे दारावरच्या आडव्या दांडीचं, काम एवढंच. घेताना फायर रेटेडच, म्हणजे आगीच्या टेस्टला उतरलेलाच, मागा, कारण साध्या पॅनिक बारमध्ये बऱ्याचदा एक सोय असते, चावी फिरवली की बार दाबलेलाच राहतो, लॅच दिवसभर आत, ये-जा करायला मस्त, पण फायर डोअरवर ती चालत नाही.

भंवरकुआच्या कोचिंग क्लासमध्ये, हॉस्पिटलात, मॉलमध्ये, म्हणजे गर्दी असते आणि लोक जागेला नवीन असतात तिथे दाराच्या रुंदीभर आडवा बार, युरोपियन स्टँडर्ड ईएन ११२५ वाला. छोट्या ऑफिसात, जिथे रोजचीच माणसं असतात तिथे ईएन १७९ चं लिव्हर हँडलही चालतं. इलेक्ट्रिक डक्टच्या, म्हणजे वायरिंगच्या कोनाड्याच्या, दाराला मात्र किल्लीचं लॉक खुशाल लावा, तिथून कोणी पळणार नाहीये.

धातूकडे नीट बघा. फायर डोअरच्या टेस्टच्या भट्टीत तासाभरात ९४५ डिग्रीपर्यंत तापमान जातं, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि झिंकची चकचकीत हँडलं तर त्याच्याही खूप आधी. लॅच आणि लॉकबॉडी, म्हणजे दाराच्या आतली लॉकची पेटी, स्टीलचीच हवी. शिवाय लॉक बसवायला दारात खाच पाडली की तिथे दार पातळ होतं, म्हणून लॉकभोवती उष्णतेने फुगणारी पट्टी लागते. आपला नेहमीचा सुतार ड्रिल घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा, दारवाल्या कंपनीचाच माणूस बोलवा, नाहीतर १२० मिनिटं आग अडवणारं दार नावापुरतंच उरतं.

कार्डने उघडणाऱ्या दारात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. मॅग्नेटिक लॉक वीज गेली की सुटतं, माणसं बाहेर पडतात हे चांगलंच, पण सुटल्यावर दार धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून सोबत साधा लॅच लागतोच आणि लॉक फायर अलार्मला जोडलेलं हवं. इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे चौकटीत बसवलेली, लॅच अडकवणारी विजेची पट्टी, घेतलीत तर उलटं, वीज गेल्यावरही लॅच धरून ठेवणारा घ्या, आतलं हँडल तसंही किल्लीशिवाय उघडतंच.

सियागंजच्या बाजारात घ्यायला गेलात तर दुकानदार म्हणेल सब फायरवाला ही है साहब. त्याच्याकडे मॉडेल नंबर छापलेलं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि ते आपल्या दाराच्या टेस्ट रिपोर्टशी जुळतंय का बघा, लाकडी दारावर पास झालेलं लॉक स्टीलच्या दारावर चालेलच असं नाही.

बसवल्यावर दार पूर्ण उघडून सोडा, मग वीतभर उघडून सोडा, दोन्ही वेळा लॅच बसला पाहिजे. वीतभरावरून बसत नसेल तर क्लोजरचा स्पीड ठीक करून घ्या. बार साधारण ८ किलोच्या जोरात उघडायला हवा, घरातल्या आजीकडून ढकलून घ्या की.

आणि चोरीची भीती असेलच तर बाहेरच्या बाजूला हँडल नको, नुसतं किल्लीचं सिलिंडर ठेवा, आतून बार दाबला की वाजणारा बॅटरीचा सायरन लावा, गच्चीवर सिगरेट ओढायला जाणारी पोरंही त्यात सापडतात.