नवीन क्लिअरविंग पतंगाचं वर्णन करताय? या चुका टाळा

पहिला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. गांधीलमाशीसारखा दिसणारा किडा, अंगावर पिवळे पट्टे, पंख काचेसारखे, आणि खाली एकच ओळ: ‘मॅडम, नवीन प्रजाती!’ कोणी अक्कलकोटहून पाठवतं, कोणी बार्शीहून, कोणी नान्नजच्या माळावरून. सोलापूरच्या या कोरड्या भागात पोरं पतंग शोधत हिंडतात याचा मला मनापासून आनंद होतो. पण त्यानंतरच्या सहा महिन्यांत दरवर्षी तेच घोटाळे होतात, आणि त्यातले काही असे की पुढे कितीही धडपड केली तरी दुरुस्त होत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

तो क्लिअरविंग आहे का, हे आधी बघा

क्लिअरविंग म्हणजे सेसिइडी कुळातले पतंग. जगभरात त्यांच्या दीड हजाराच्या आसपास प्रजाती आहेत. ते दिवसा उडतात. त्यांच्या अळ्या खोडात, मुळांत, वेलींत पोखरत राहतात, त्यामुळे प्रौढ पतंग माणसाच्या नजरेला फार कमी पडतो. पक्ष्यांनी गांधीलमाशी समजून लांब राहावं, म्हणून हे रूप. पण गांधीलमाशीचं सोंग एकट्या याच कुळाने घेतलेलं नाही, आणि नवशिके इथेच फसतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवतो तो अमाटा. काळे पंख, त्यात पारदर्शक खिडक्या, पोटावर पट्टे. तो एरेबिडी कुळातला, क्लिअरविंगशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा, अनंताच्या झाडाभोवती भुंग्यासारखा घोंघावणारा सेफोनोडेस हायलस. त्याचे पंख पूर्ण पारदर्शक असतात, पण तो हॉकमॉथ, म्हणजे वेगळ्याच कुळातला पतंग आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाला डाळिंबाच्या बागेत अमाटा सापडला आणि चौथ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात ‘सोलापुरात पतंगाच्या नव्या प्रजातीचा शोध’ अशी बातमी आली. त्याच्या शिक्षकांनी सत्कारही केला. पुढे खरं कळल्यावर त्या मुलाने कीटकांचा नादच सोडला. हुशार पोरगा होता. फोटोवरून जाहीर करण्याची घाई त्याला कोणी करायला लावली, हे मी इथे लिहीत नाही, पण मोठ्या माणसांनी तरी थांबायला हवं होतं.

मी स्वतः आधी पंखांची जोडणी बघते. क्लिअरविंगचा पुढचा पंख अरुंद असतो. त्याची मागची कड खाली दुमडलेली आणि मागच्या पंखाची पुढची कड वर दुमडलेली असते, आणि या दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. दहापट भिंगाखाली हे दिसतं. मग मिशा: बऱ्याच क्लिअरविंगच्या मिशा टोकाकडे जाडसर होतात आणि अगदी टोकाला खवल्यांचा बारीक झुपका असतो. हे बघायला पाच मिनिटं लागतात. फोटो पाठवायच्या आधी ती पाच मिनिटं द्या.

डाळिंबाच्या खोडावर भुश्याची जाळी दिसली की लगेच ‘क्लिअरविंगची अळी’ म्हणू नका. ती बहुतेक वेळा साल खाणारी इंडार्बेला असते.

पोट उकळायच्या आधी फोटो

माझं सगळं बोलणं कोणाला ऐकायचं नसेल तर निदान एवढं ऐका.

पतंगांच्या प्रजाती वेगळ्या करताना जननेंद्रियांची रचना बघावी लागते. त्यासाठी पोट काढून कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्क्यांच्या द्रावणात ठेवतात. स्नायू, चरबी विरघळतात, खवले ब्रशने निघून जातात आणि आतली कठीण रचना स्वच्छ होते. बाकी पुष्कळ पतंगांत पोटावरच्या खवल्यांना एवढं महत्त्व नसतं. क्लिअरविंगमध्ये मात्र कितव्या खंडावर पिवळा पट्टा आहे, तो पूर्ण गोल फिरतो की फक्त वरून आहे, शेवटच्या झुपक्यात कुठले रंग आहेत, हे ओळखीचं मुख्य लक्षण असतं. म्हणजे एक लक्षण बघायला जाताना दुसरं कायमचं पुसलं जातं.

चारेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मोहोळ तालुक्यातल्या एका बांधावरून रानतोंडलीच्या वेलाच्या फुगलेल्या गाठी कापून आणल्या. काकडीवर्गातल्या वेलींत मेलिटिया या जीनसच्या (जवळच्या प्रजातींच्या गटाच्या) अळ्या राहतात. आपल्या शेतीच्या पुस्तकांत पडवळाची कीड म्हणून येते ती मेलिटिया यूरिशन त्यातलीच. या मुलाने गाठी बरणीत ठेवल्या, रोज लक्ष ठेवलं, आणि तीन पतंग बाहेर आले. दोन भर दुपारी निघाले आणि कोणी बघेपर्यंत काचेवर आपटून आपटून पार झिजले. तिसरा सकाळी निघाला आणि त्याने तो अखंड मिळवला. नर होता. मागच्या पायांवरचे जाड झुपके वर्णनातल्या यूरिशनशी जुळत नव्हते. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मलासुद्धा वाटलं, यात काहीतरी आहे.

मी तेव्हा गावी होते. त्याला एका परिषदेसाठी गोषवारा पाठवायचा होता, हातात चार दिवस. त्याने पोट काढलं, पोटॅशमध्ये टाकलं, लवकर व्हावं म्हणून खाली स्पिरिटचा दिवा लावला आणि चहाला गेला. तासाभराने परतला तेव्हा पोट पारदर्शक झालं होतं, आणि जननेंद्रियांच्या झडपा इतक्या मऊ पडल्या होत्या की स्लाइडवर पसरताना एक फाटली. पट्ट्यांचा एकही फोटो नव्हता. मोबाइलवर होता तो वरून काढलेला, धूसर, आणि पोटावर नेमके पंख आलेले.

नंतर नमुना पाहिलेले तिघं आणि मी बसलो. तो म्हणाला, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या खंडावर पिवळे पट्टे होते. त्याची मैत्रीण म्हणाली, चौथ्यावर पट्टा नव्हताच. तिसऱ्याला सातव्यावरही एक आठवत होता. उरलेल्या दोन्ही माद्या होत्या, त्यांच्या पोटावरचे खवले झिजलेले, आणि नर-मादीचे पट्टे सारखेच असतील असं गृहीत धरता येत नाही. पुढच्या दोन पावसाळ्यांत आम्ही त्या बांधावर गेलो. शेतकऱ्याने कुंपण साफ करून तार लावली होती, वेल गेला होता. तो नमुना आजही माझ्या पेटीत आहे. टाचणीखालच्या चिठ्ठीवर जीनस लिहिलाय, पुढची जागा मोकळी आहे. ‘आधी फोटो काढ’ हे मी त्या दिवशी फोनवर सांगायला हवं होतं, ही खंत मला अजून आहे.

आता माझी पद्धत सांगते. ताज्या नमुन्याचे वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, डोकं समोरून, मिशांची टोकं, मागचे पाय आणि पोटाचा शेवटचा झुपका असे फोटो, प्रत्येकात शेजारी मोजपट्टी. मग रंग शब्दांत, त्याच दिवशी, हाताने वहीत, एकेका खंडाचा. त्यानंतर पोट पोटॅशमध्ये, पण विस्तवाशिवाय. छोट्या काचेच्या कुपीत नमुन्याचा क्रमांक टाकून रात्रभर ठेवते आणि सकाळी बघते. सोलापूरच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमानच इतकं असतं की कधी कधी पहाटेच काम झालेलं असतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी संध्याकाळऐवजी पहाटे टाकते आणि दर तासाला डोकावते. पोटाची सोललेली त्वचा फेकत नाही, ती ग्लिसरीनमध्ये त्याच क्रमांकाने राहते. विस्तवावर दहा मिनिटांत होतं हे मला माहीत आहे. ती वाचलेली रात्र कोणाच्या काय कामाला येते, हे मात्र मला आजवर समजलेलं नाही.

पतंग पाळून काढत असाल तर कापलेल्या वेलाच्या दोन्ही टोकांना ओला कापूस गुंडाळा, नाहीतर आपल्या हवेत वेल दोन दिवसांत वाळतो आणि आतली अळी मरते. बरणीत खरखरीत काडी ठेवा, पतंगाला चढून पंख पसरता येतात. पंख कडक झाले की लगेच फ्रीजरमध्ये. रिकामा कोष छिद्रातून अर्धा बाहेर आलेला असतो, तोही त्याच नमुन्याबरोबर जपा. आणि ताज्या निघालेल्या क्लिअरविंगच्या पंखांवर कधी कधी विरळ खवले असतात, ते पहिल्या उड्डाणात गळून पडतात. असा धुरकट पंखांचा पतंग आणि नंतरचा स्वच्छ पंखांचा पतंग दोन वेगळ्या प्रजाती म्हणून माझ्याकडे दोनदा आलेत.

‘नेटवर सापडत नाही’ म्हणजे नवीन नव्हे

क्लिअरविंगची कित्येक नावं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच नमुन्यावर ठेवलेली आहेत आणि त्या पतंगांचा जिवंतपणी काढलेला एकही फोटो नाही. हेटेरोस्फेसिया टॅवोनॉइड्स हा निळसर क्लिअरविंग व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या १८८७ सालच्या एका खराब झालेल्या नमुन्यावरूनच माहीत होता. जवळजवळ १३० वर्षांनी तो मलेशियात नदीकाठी पुन्हा सापडला. मधल्या काळात कोणी नेटवर शोधून ‘नवीन’ म्हणून त्याला दुसरं नाव दिलं असतं तर?

आपल्याकडच्या पतंगांसाठी सुरुवात हॅम्पसनच्या भारतातल्या पतंगांवरच्या १८९२च्या खंडापासून करावी लागते. जुन्या लेखनात सेसिइडीऐवजी इजीरिइडी असं नावही सापडतं, तेव्हा तेही शोधा. जुन्या चिठ्ठ्यांवर आपलं शहर ‘शोलापूर’ असतं, हेही लक्षात ठेवा. जवळच्या प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा आणि प्रकार-नमुन्याचे (ज्यावरून ते नाव ठेवलं त्या नमुन्याचे) फोटो संग्रहालयाकडून मागवा. उत्तर यायला महिने लागतात. लागू द्या.

चिठ्ठीवर फक्त ‘सोलापूर’

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. नुसत्या ‘सोलापूर’वरून पुढच्या माणसाने कुठे जायचं? गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि क्लिअरविंग असेल तर ज्या झाडातून निघाला ते झाड, हे सगळं हवं. वेल्समधल्या एका घरात अनोळखी क्लिअरविंग उडताना दिसला होता. तो कुठला, हे कळलं कारण त्या घरातली व्यक्ती गयानाला जाऊन आली होती आणि तिच्या बुटांच्या पिशवीत तिथल्या मोरा झाडाच्या बियांचे तुकडे सापडले. कार्मेंटा ब्रॅकीक्लॅडोस या नावाने २०२४ मध्ये त्याचं वर्णन झालं. ते तुकडे कोणी झटकून टाकले असते तर तो पतंग वेल्सचा म्हणून नोंदला गेला असता.

बाकीच्या, थोडक्यात

साध्या टाचण्या वापरू नका, पितळेवर हिरवा गंज चढतो आणि छाती फुटते. स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

पोखरणाऱ्या अळ्यांच्या पतंगांत चरबी भरपूर असते. काही महिन्यांनी ती बाहेर येते आणि पिवळे पट्टे तपकिरी दिसतात. त्यावरून ‘तपकिरी पट्ट्यांची नवी प्रजाती’ लिहू नका. इथिल ॲसिटेटमध्ये बुडवून चरबी काढता येते.

नमुने पंख पसरून वाळत ठेवलेल्या पाटाच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांना एक रात्र पुरते.

डीएनएसाठी पाय काढायचा तर एकाच बाजूचा, आणि झुपक्यांचे फोटो झाल्यावर. बारकोडमध्ये (ओळखीसाठी वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यात) दोन टक्के फरक दिसला की नवीन प्रजाती, असं मानणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त त्यांना विचारते की ज्या नमुन्याशी तुलना केली तो कोणी ओळखला होता.

फेरोमोनच्या (मादीच्या गंधाच्या) सापळ्यात नरच येतात. मादी स्वतः शोधा.

एका नमुन्यावर प्रजातीचं वर्णन करायला नियमांची आडकाठी नाही. मी करत नाही.

नान्नजचा माळढोक अभयारण्याचा भाग असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. ‘एक पतंगच तर आहे’ हे वाक्य मला ऐकवू नका.

नाव शेवटी

नाव आधी ठरवून मग प्रजाती शोधणारे मी पाहिलेत. सोलापूरवरून नाव द्यायची इच्छा मलाही समजते. ‘सोलापुरेन्सिस’ मेलिटियासारख्या स्त्रीलिंगी जीनसबरोबरही तसंच राहतं, पण बाकी विशेषणांची लिंगं जुळवावी लागतात. स्वतःचं नाव स्वतः देऊ नये, हा संकेत आहे आणि तो पाळा.

प्राणीनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २०००पासून लागू आहे. तिच्यानुसार होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं तो एक नमुना, कुठला ते लेखात स्पष्ट लिहावं लागतं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय किंवा ठेवणार आहात, तेही. लेख फक्त ऑनलाइन निघत असेल तर तो झूबँक या प्राणीनावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदलेला हवा आणि त्या नोंदीचा पुरावा लेखातच हवा. हे राहिलं तर वर्णन कितीही सुंदर असो, ते नाव नियमाने ‘उपलब्ध’, म्हणजे ग्राह्य, होत नाही.

आणि होलोटाइप घरी ठेवू नका, माझ्यासारख्यांच्या पेटीतही नको. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ३९प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती अधिकृत भांडाराला कळवून नमुना तिथे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी असं एक भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकात्याला. त्यांचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आधी पत्र पाठवा, मग सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडा. पेटीत मोकळी टाचणी एकही नको, कोपऱ्यांत दोन-दोन आडव्या टाचण्या मारून नमुना फिरणार नाही असा अडकवा, आणि पुण्यापर्यंत पेटी मांडीवर ठेवा, वरच्या रॅकवर नाही.