माळ्याच्या फळ्या घरीच रंधून काढल्या

कोकणातल्या घराच्या माळ्यावर जुन्या नऊ इंची फळ्या होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या फटींतून खालच्या खोलीत धूळ आणि तूस गळायचं. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते रुंदीत. म्हणून फळी जितकी रुंद, तितकी फट मोठी. नव्या फळ्या मी तीन इंचीच केल्या.

वखारीतून सव्वा इंच जाडीचं ऐन या झाडाचं कच्चं, ओलं लाकूड आणलं. टोकांना रंग फासला (ओल टोकांतून लवकर जाते आणि तिथेच चिरतं), मध्ये पट्ट्या घालून पडवीत थर रचले. वाळायला इंचभर जाडीला वर्षभर धरा. घाई असेल तर भट्टीत वाळवलेलंच घ्यावं. मीटरवर ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच हात लावला. कीड आधी सालीलगतच्या पांढऱ्या भागाला लागते, तो कापून टाकला.

आधी एक बाजू सपाट, मग एक कड गुण्यात (त्या बाजूशी काटकोनात), मग जाडी २० मिमी. हा क्रम मोडायचा नाही. ऐनाचे रेषे उलटसुलट, रंधा खोल लावला की ढलपे निघतात. राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) नर-मादी खाच पाडली: एका कडेला जीभ म्हणजे नर, दुसरीला ती बसेल अशी खाच म्हणजे मादी. ऐन कडक, त्यामुळे आधी भोक पाडून मगच नराच्या बाजूने तिरके खिळे ठोकले. वरून एकही दिसत नाही. भिंतीलगत १२ मिमी जागा सोडून वर पट्टी मारली. पावसाळ्यात फळ्या फुगतात, त्यांना ती जागा लागते.