श्टुटगार्टला जाताय? आधी मागचा माणूस ठरवा

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या उद्योजकांबरोबरच्या देवाणघेवाणीच्या गटात तुमचं नाव लागलं की घरात लगेच यादी सुरू होते: पासपोर्ट, व्हिसा, थंडीचे कपडे, मेथीचे ठेपले. ती घरच्यांना करू द्या. तुम्ही एका कागदावर फक्त एक नाव लिहा. तुम्ही तिकडे असताना इथे वर्कशॉपमधून फोन उचलून उत्तर देईल त्या माणसाचं. मालकाचं नाव नको, मालकांनाही शॉपफ्लोअरवर विचारूनच सांगावं लागतं. जो ड्रॉइंग वाचतो, कोणत्या मशीनवर काय निघतं हे ज्याला तोंडपाठ आहे आणि ज्याला दर ठाऊक आहे, त्याचं नाव लिहा. बाकी सगळं नंतर.

मी हे केलं नव्हतं. श्टुटगार्टजवळच्या एका गावात, एका मध्यम कारखान्याच्या खरेदी विभागात माझी भेट ठरली होती. तिथल्या बाईंनी टेबलावर एका फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीचं, ड्रॉइंग पसरलं, एका मापाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, हा रनआउट 0.02 मिलिमीटरच्या आत देता का, आणि 500 नगांना किती दिवस लागतील? मी एक्स्पोर्टचं काम बघतो, रनआउटचं, म्हणजे भाग फिरताना किती डगमगतो याचं, उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी पुण्याजवळच्या भोसरीला, आमच्या वर्कशॉपमध्ये, फोन लावला. दुपारचे अडीच वाजले होते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. वार गुरुवार. भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, हे मला, तिथेच नोकरी करणाऱ्या माणसाला, त्या क्षणी आठवलं. चार फोन केले, एकही उचलला गेला नाही. बाई दहा मिनिटं थांबल्या, मग त्यांनी ड्रॉइंगची घडी घातली आणि चहाचं विचारलं. आमचं उत्तर अकरा दिवसांनी गेलं. काम दुसरीकडे दिल्याचं त्यांनी नम्रपणे कळवलं.

म्हणून मागचा माणूस आधी. त्याला फक्त 'फोन आला तर बघ' म्हणून चालणार नाही. कुठल्या मालाला किती दरापर्यंत त्याने स्वतःहून हो म्हणायचं, हे मालकांकडून लेखी घ्या, दोन ओळींची मेलही पुरे. जर्मनीची घड्याळं उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळ बदलते. तिथल्या दुपारच्या भेटी म्हणजे त्याची संध्याकाळ, तेव्हा त्या दिवसांत तो उशिरापर्यंत थांबेल हे आताच ठरवा. गुरुवारी भेट असेल तर सुट्टी बदलून द्या. आणि निघण्याआधी एका गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला त्याला खरोखर फोन लावून बघा. उचलला नाही, तर तुमची तयारी झालेली नाही.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरा म्हणजे पंधरा दिवस आधी. तेवढं ताणू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही. वैद्यकीय विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं लागतं. यजमानांचं निमंत्रणपत्र आणि कंपनीचं पत्र यांतल्या तारखा एकच असू द्या.

तारखा तुमच्या हातात असतील तर ऑगस्ट टाळा. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असते आणि निर्णय घेणारे लोक त्याच काळात रजेवर जातात. मे-जूनमध्ये गुरुवारी सण आला की बरेच जण शुक्रवारही जोडून घेतात. सम वर्षांच्या सप्टेंबरमध्ये विमानतळाशेजारी एएमबी हे धातुकामाचं मोठं प्रदर्शन भरतं, ते जुळवता आलं तर सोडू नका.

कागदांमध्ये गुणवत्तेचं आयएसओ 9001 चं प्रमाणपत्र तर न्यालच. मशीनची यादी लागेल, पण त्यात मशीनचं वय आणि कोणत्या मापापर्यंत काम निघतं हेही लिहा. दर दोन तऱ्हेने तयार ठेवा, एक्स-वर्क्स, म्हणजे आपल्या कारखान्यातून माल उचलण्याचा, आणि त्यांच्या दारात पोच. आपल्याला एक्स-वर्क्सची सवय असते, त्यांना दारातला आकडा हवा असतो. माल पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर युरोपच्या कार्बन सीमाशुल्काबद्दल विचारणा होऊ शकते. उत्पादनात किती उत्सर्जन होतं याची माहिती गोळा करायला 2023 च्या ऑक्टोबरपासून सुरुवात झाली आणि 2026 पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आहे. हे तुम्हाला एका रात्रीत जमणार नाही. मागच्या माणसाला आत्तापासून विजेची बिलं आणि कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यांची प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये लावायला सांगा. परत तोच माणूस, हो. सगळ्या वाटा त्याच्याकडेच जातात.

नमुना म्हणून एखादा छोटा जॉब, म्हणजे तयार केलेला भाग, न्या, पण तो चेक-इनच्या बॅगेत ठेवा. धातूचा गोळा हातातल्या बॅगेत असला तर सुरक्षातपासणीत अडकतो. महागडं यंत्र दाखवून परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता नेऊन परत आणण्याचा सीमाशुल्काचा कागद, काढा, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. जॉबसोबत त्याचा तपासणी अहवाल न्या. जॉब हातात घेतल्यावर लोक आधी कडा बघतात, तिथे बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची बारीक धार, राहिला असेल तर पुढचं कुणी ऐकत नाही. माझ्या नमुन्याची एक कड बोटाला लागली होती आणि समोरच्या इंजिनियरने ती अंगठ्याने दोनदा चाचपली. तेव्हा डिबरिंग, म्हणजे हा बर काढण्याचं काम, स्वतः उभं राहून करून घ्या.

ओळख करून देताना इतिहासाची दोन वाक्यं उपयोगी पडतात. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, आणि 2015 पासून महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग यांची राज्यपातळीवर भागीदारी आहे. तिथल्या लोकांना चाकण ठाऊक असतं, कारण मर्सिडीजचा आणि श्टील या तिकडच्याच कंपनीचा कारखाना तिथे आहे. भोसरी ठाऊक नसते. चाकणपासून किती अंतर, असं सांगा.

तिथे गेल्यावर वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा. मुख्य स्टेशनचं बांधकाम 2010 पासून चाललंय, त्यामुळे फलाटापर्यंतची चाल धरा. रविवारी दुकानं बंद असतात. नमस्काराला 'ग्र्युस गॉट' म्हणा. उत्तर येत नसेल तर 'बघतो' म्हणू नका, 'आज इतक्या वाजता सांगतो' म्हणा आणि मागच्या माणसाला तिथल्या तिथे फोन लावा. भेट चालू असताना ड्रॉइंगचा फोटो काढायची परवानगी मागा, मिळाली तर जागेवरच त्याला पाठवा.

परतल्यावर दोन दिवसांत मेल. कार्डांच्या मागे तारीख आणि विषय लिहून ठेवा.

मग त्यांचा गट इकडे येतो. गणपतीच्या दहा दिवसांत बोलावलंत तर मिरवणुकीच्या दिवशी कारखानाभेट ठेवू नका. गुरुवारी तर मुळीच नको. जेवण कमी तिखट, पाणी बाटलीबंद, गाडीवाल्याचा नंबर सगळ्यांकडे. आणि शॉपफ्लोअर दाखवायला मागच्या माणसालाच पुढे करा, फोनवर त्याचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो.