गावात शिरताच दुकानात जाऊ नका

लांब पल्ल्याच्या पायी भटकंतीत शिधा भरायला गावात उतरलात, की आधी पोटभर जेवा. उपाशीपोटी खरेदी केली की हमखास दुप्पट सामान उचललं जातं आणि ते पुढच्या चढावर खांद्यांना जाणवतं. जेवायला बसण्याआधी पॉवर बँक मात्र चार्जिंगला लावा. तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मग खाऊची पिशवी पूर्ण रिकामी करा. तळाशी दबलेली दाण्यांची अर्धी पुडी, ओटचं एखादं पाकीट असं काहीतरी निघतंच. पुढे जिथे शिधा भरणार त्या गावापर्यंतची जेवणं बोटांवर मोजा, एक जास्तीचं धरा आणि तेवढीच यादी करा. तेलाच्या, दाण्यांच्या पदार्थांना झुकतं माप द्या: १ ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून ४.

खोकी, बरण्या दुकानापाशीच काढून टाका. एकेका दिवसाचं खाणं वेगळ्या झिप पिशवीत भरा, म्हणजे उद्याचं आज संपत नाही. पाणी शेवटी, निघताना भरा. लिटरमागे किलोभर ओझं उगाच गावभर कशाला वागवायचं? आणि अंधार पडायच्या आत तंबूच्या जागेवर पोहोचता येईल, एवढा वेळ हाताशी ठेवून निघा.