वही, वजनकाटा आणि वाराची पट्टी : मुंबईत शेतकरी व खाद्यव्यावसायिकांचा गट कसा बांधावा

मुंबईतल्या कोणत्याही चालत्या पोळीभाजी केंद्राला सकाळी सातच्या आत कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर, एक पालेभाजी आणि एक फळभाजी एवढा माल दारात हवा असतो. तो दादरच्या पहाटेच्या बाजारातून किंवा वाशीच्या बाजार समितीतून येतो. तो कोणाच्या शेतातला, हे केंद्र चालवणाऱ्या ताईंना ठाऊक नसते, आणि आपली मेथी शेवटी कोणाच्या कढईत पडली, हे जुन्नरच्या शेतकऱ्याला कधी कळत नाही. त्याच्या हाती पडते ती फक्त पट्टी, म्हणजे निरनिराळे खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेचा कागद. या दोघांची गाठ घालून द्यावी असे अनेकांना मनापासून वाटते, त्यासाठी मेळावे भरतात, महोत्सव होतात, मोबाइलवर गट निघतात आणि त्यांतले बरेचसे पहिल्या पावसाळ्यातच थंडावतात. ओळखीतून व्यवहार उभा राहील या आशेवर आम्हीही एक वर्ष घालवले. प्रत्यक्षात ठरलेल्या वारी पैसे चुकते होऊ लागल्यावरच माणसे एकमेकांच्या घरी जेवायला जाऊ लागली. म्हणून पुढच्या मजकुरात वजन, दर आणि पैसे देण्याचा वार यांनाच जास्त जागा दिली आहे.

गट केवढा आणि कोणाचा

सबंध मुंबईचा गट करण्याच्या फंदात पडू नये. दादर-माहीम, गिरगाव, विलेपार्ले किंवा मुलुंड असा एकच भाग घ्यावा आणि त्यातली चालत गाठता येतील अशी आठ-दहा दुकाने निवडावीत, कारण टेम्पो एकाच ठिकाणी थांबला तर वाहतुकीचा खर्च परवडतो, चार ठिकाणी फिरला की सगळा नफा डिझेलमध्ये जातो. मात्र ही दुकाने एकाच प्रकारची नसावीत. लग्नाची जेवणे करणाऱ्या केटररला एकसारखे, टणक टोमॅटो लागतात. खानावळीला आकाराचे सोयरसुतक नसते. आणि चटणी, लोणची किंवा मसाले करणाऱ्या बचत गटाला बारीक, जास्त पिकलेला मालही चालतो. शेतकऱ्याचे खरे नुकसान होते ते प्रतवारीत मागे राहिलेल्या मालावर. त्या मालाला गटातच गिऱ्हाईक असले, तर पहिल्या प्रतीच्या दरासाठी तो फारशी ओढाताण करत नाही.

शेतकऱ्यांच्या बाजूनेही हाच नियम लावावा. एकाच गावचे, निदान एकाच रस्त्यावरचे पाच-सहा शेतकरी पुरेत. मुंबईला भाजी पोचवणाऱ्या वाटा ठरलेल्या आहेत: कसारा घाट उतरून नाशिक-इगतपुरीकडची, माळशेज घाटातून मुरबाड-कल्याणमार्गे येणारी जुन्नर-ओतूरची, अहमदाबाद महामार्गावरून वाडा-डहाणू-वसईची आणि पेण-अलिबागकडची. प्रत्येक वाटेचे वैशिष्ट्य वेगळे आहे. वाड्याचा कोलम तांदूळ, घोलवडचा चिकू आणि अलिबागचा पांढरा कांदा या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पहिल्या वर्षी एकच वाट धरावी आणि दुसरीचा मोह टाळावा.

या थेट खरेदीला कायद्याची आडकाठी नाही. राज्य सरकारने २०१६ साली फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केल्यापासून शेतकऱ्याला हा माल बाजार समितीच्या आवाराबाहेर, थेट ग्राहकाला विकता येतो. तरीही एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शेतकऱ्याला ‘आडत्याला (बाजारात त्याचा माल विकून देणाऱ्या दलालाला) सोडून आमच्याकडे या’ असे कधीही म्हणू नये. बियाण्याला, मजुरीला, घरच्या दुखण्याखुपण्याला उचल देतो तो आडत्या. तुमचा गट ती देणार आहे का? त्याचप्रमाणे खानावळवाल्या ताईंना दादरचा भाजीवाला महिना-महिना उधारी देतो, त्यालाही एका रात्रीत तोडता येत नाही. शेतकऱ्याने मालाचा एक-तृतीयांश भाग गटाला द्यावा आणि दुकानदाराने गरजेच्या निम्म्यापर्यंत गटाकडून घ्यावे, एवढ्यावर सुरुवात करावी. जुनी नाती शाबूत राहिली म्हणजे दोन्ही बाजूंना धीर राहतो, आणि एखादा टेम्पो आला नाही म्हणून कोणाची चूल अडत नाही.

आधी पंधरा दिवसांची वही

पहिल्या बैठकीत प्रत्येक जण आपली गरज वाढवून सांगतो. आमच्या पहिल्या बैठकीत बारा जणांनी मेथी ‘नक्की घेऊ’ म्हणून हात वर केले, आणि टेम्पो आला त्या दिवशी चौघांनीच घेतली. उरलेल्या जुड्या आम्ही चाळीतून दारोदार विकल्या. त्यात कोणी लबाडी केली नव्हती. रोज किती मेथी लागते हे त्यांनी कधी लिहूनच ठेवले नव्हते.

म्हणून शेतकऱ्यांना भेटण्याआधी प्रत्येक दुकानाने पंधरा दिवस रोजची खरेदी लिहावी: जिन्नस, वजन, दिलेला दर आणि फेकून द्यावा लागलेला माल. हा शेवटचा रकाना कोणी आपणहून भरत नाही, आग्रह धरून भरून घ्यावा लागतो. पण शेतातून थेट आलेल्या मालाचा फायदा पुष्कळदा तिथेच दिसतो. दर सारखाच पडला, तरी फेकण्याचे प्रमाण घटते. वह्या जमल्या की दोनच जिन्नस निवडावेत. कांदा-बटाट्याने सुरुवात करू नये, कारण तो साठवणीचा माल आहे आणि वाशीच्या उलाढालीपुढे आठ-दहा दुकानांना दरात काही साधत नाही. पालेभाजीपैकी एक आणि टोमॅटो किंवा हिरवी मिरची अशी जोडी आम्हाला सोयीची वाटली. पालेभाजीची सुरुवात मात्र हिवाळ्यात करावी, पावसात करू नये.

दराचा करार

अशा गटांत सर्वांत मोठी फूट दरावरून पडते, म्हणून इथे घाई करू नये. २०२३ सालचा टोमॅटो आठवावा. उन्हाळ्यात भाव इतके पडले होते की नाशिककडच्या शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, आणि जुलैमध्ये तोच टोमॅटो मुंबईत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. वर्षभराचा एकच दर बांधला असता, तर उन्हाळ्यात दुकानदार बाहेर गेला असता आणि जुलैत शेतकरी. दोघांनाही दोष देता आला नसता.

यावर तोडगा म्हणून तळाचा दर आणि वरचा दर ठरवावा. तळाचा दर शेतकऱ्याने स्वतःचा खर्च मांडून सांगावा, रोपे, खते, फवारणी, तोडणीची मजुरी असा तपशील सर्वांसमोर ठेवून. वरचा दर दुकानदाराने आपल्या थाळीच्या किमतीवरून काढावा. या दोहोंमध्ये बाजार असेल, तेव्हा वाशीचा त्या दिवसाचा सरासरी भाव द्यावा. बाजार तळाच्या खाली गेला तर तळाचा दर मिळावा, आणि वरच्या दरापलीकडे गेला तर फरक निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. समजा, तळ १५ रुपये आणि वरचा दर ४० रुपये ठरला आहे. बाजार ८ वर आला तरी शेतकऱ्याला १५ मिळतील; बाजार १०० वर गेला तर ४० अधिक ६० चे निम्मे, म्हणजे ७० रुपये मिळतील. हे गणित साध्या कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि ते हंगामाच्या मध्ये बदलू नये.

पैसे आठवड्यातून एका ठरलेल्या वारी, मोबाइलवरून थेट शेतकऱ्याच्या खात्यात जावेत. त्या वारी ज्याचे पैसे जमा झाले नाहीत, त्याला पुढच्या टेम्पोतला माल मिळू नये. मग तो गटाचा अध्यक्ष का असेना. आमच्याकडे ही वेळ एकदा आली आणि वातावरण बरेच दिवस अवघडलेले राहिले, पण त्यानंतर उशीर झालेला नाही. प्रत्येक बिलातून दोन टक्के रक्कम वेगळी काढून ठेवावी, म्हणजे गाडी बिघडली किंवा गारपीट झाली तर पहिला धक्का त्या रकमेवर घेता येतो.

आगाऊ मागणी आणि सामूहिक खरेदी ही रीत या शहराला नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, महिन्याची मागणी आधी नोंदवून वाणसामान पोचवण्याची पद्धत रुजवली. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या पाशातून सोडवून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. नवा गट काढणाऱ्याने या दोन संस्थांच्या कामाची पद्धत समजून घ्यावी. त्यासाठी व्यवस्थापनाचे महागडे वर्ग लावण्याची गरज नाही.

टेम्पो, क्रेट आणि काटा

दुपारनंतर तोडणी, रात्री भरणी आणि पहाटे मुंबई, असा क्रम ठेवावा. माल भरताना आणि उतरवताना, दोन्हीकडे वजन करून त्याचा फोटो गटात टाकावा. पालेभाजीचा हिशोब जुडीवर कधीही ठेवू नये, कारण जुडीचा आकार हंगामागणिक आणि हातागणिक बदलतो, किलोवर ठेवावा. पावसाळ्यात कोथिंबिरीत पाणी आणि मातीचे वजन येते, तेव्हा किती टक्के वजावट धरायची ते आधीच ठरवावे. प्लास्टिकच्या क्रेटवर शेतकऱ्याचा क्रमांक रंगाने लिहावा. रिकामे क्रेट परत जाण्यावरून होणारी भांडणे क्षुल्लक दिसतात, पण गट मोडायला तेवढीही पुरतात.

माल खराब निघाला तर त्याच सकाळी आठच्या आत फोटो यावा. दुपारी आलेली तक्रार ऐकू नये. किती कापायचे ते दोन दुकानदार आणि एक शेतकरी अशा तिघांनी ठरवावे. कोणीही परस्पर पैसे कापून घेऊ नयेत.

बैठक, पंचांग आणि शेतावरची फेरी

महिन्यातून एकदा, दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, जेवणाची गर्दी ओसरल्यावर गटातल्याच एखाद्या स्वयंपाकघरात बसावे. आधी हिशोब, मग पुढचे पीक. मेथी महिन्याभरात येते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, टोमॅटो लागणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी तोडणीला येतो. म्हणजे गणपतीच्या दिवसांत काय लागणार, हे आषाढातच सांगायला हवे. दुकानदाराला हे पंचांग तोंडपाठ असते, पण ते तो शेतकऱ्याला कधी सांगत नाही. श्रावणात मांसाहारी जेवण देणाऱ्या खानावळींचीही भाजीची मागणी वाढते, उपवासाच्या दिवसांत सुरण आणि रताळी लागतात, मोदकांसाठी तांदळाची पिठी लागते, लग्नसराईत केटररची गरज दुप्पट होते. उन्हाळ्यात लालबागच्या डंखांवर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रांवर, वर्षाचा मसाला कुटून घेतला जातो, तेव्हा मिरच्या गटाने एकत्र घेतल्या तर सर्वांनाच परवडतात. जून-जुलैतल्या मासेमारीबंदीत मासळीच्या खानावळी सुक्या मासळीवर आणि भाजीवर येतात. गटात एखादी कोळीण मावशी असेल, तर सुकट आणि बोंबील यांचीही सोय तिथेच होते.

वर्षातून दोनदा शेतावर जावे. मालकांना नेण्याआधी स्वयंपाक करणाऱ्यांना न्यावे, असे माझे मत आहे, कारण कोणता टोमॅटो रश्शाला चालतो आणि कोणता नाही, हे कढईजवळ उभे राहणाऱ्या माणसालाच कळते. स्वयंपाकाच्या मावशी शेतात गेल्या की प्रश्न नेमके येतात. पावसाच्या तोंडावर मुरबाड किंवा वाड्याकडे गेलात, तर शेवळे पाहायला मिळतात. ती काकडाच्या फळांसोबत शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, आणि हे तिथल्या आदिवासी बाईने हातात घेऊन दाखवल्याशिवाय शहरातल्या आचाऱ्याला समजत नाही. अशा रानभाज्या मात्र गटाने घाऊक मागू नयेत. आठवड्याला एखाद्या दिवसाच्या विशेष थाळीपुरत्या घ्याव्यात, नाहीतर पुढच्या वर्षी त्या रानात उरणार नाहीत.

ग्राहकांसाठी आठवडे बाजार भरवण्याची कल्पना लवकरच निघते. वांद्र्यात २०१० पासून भरू लागलेल्या रविवारच्या शेतकरी बाजाराने शहराला त्याची सवय लावली. सोसायटीच्या आवारात तो भरवणे सोपे जाते. रस्त्यावर किंवा मैदानात भरवायचा तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाची परवानगी लागते. उरलेला माल खपवायला बाजार चांगला, पण गटाचा पाया त्यावर घालू नये.

कागदपत्रे आणि हिशोबनीस

ताजा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होत नाही. लोणचे, पापड, मसाले, तयार जेवण विकणाऱ्या प्रत्येकाला मात्र नोंदणी किंवा परवाना आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक हवाच. प्रमाणपत्र नसताना फलकावर ‘सेंद्रिय’ असे लिहू नये. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची शेते तपासून ती सेंद्रिय असल्याची हमी देण्याची पीजीएस ही सरकारमान्य पद्धत आहे. तिथपर्यंत पोचेपर्यंत शेवटची फवारणी कधी झाली, तेवढे खरेपणाने लिहावे. शेतकरी उत्पादक कंपनी काढायला किमान दहा उत्पादक लागतात. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीचे यश पाहून पहिल्याच वर्षी कंपनी नोंदवण्याची घाई होते, पण लेखापरीक्षणाचा आणि नोंदणीचा खर्च दोन जिन्नसांच्या उलाढालीतून निघत नाही.

सगळ्यात आधी नेमावा तो हिशोबनीस, आणि त्याला मानधन द्यावे. गटातल्याच एखाद्या उत्साही माणसावर हे काम फुकट सोपवले, की तो दिवाळीपर्यंत नेटाने करतो आणि नंतर फोन उचलत नाही. किलोमागे पन्नास पैसे बाजूला काढले, तर रोजच्या दोनशे किलोंवर महिन्याला सुमारे तीन हजार रुपये जमतात. परिसरातल्या वाणिज्य शाखेच्या एखाद्या विद्यार्थिनीला रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या कामासाठी तेवढे देता येतात. तिची वही मोबाइलवर सर्वांना दिसेल अशी असावी, आणि बैठकीच्या दिवशी ती छापून शेतकऱ्यांच्या हातात द्यावी, कारण पट्टीसारखा कागद हातात आल्याशिवाय त्यांना हिशोब पुरा झाला असे वाटत नाही.