अमेरिकेतलं गावातलं हॉस्पिटल: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

मिरजेत किंवा नाशकात माणूस हॉस्पिटलमध्ये दाखल झाला की नातेवाइकांची पळापळ सुरू होते. डिपॉझिट भरा, केमिस्टकडून इंजेक्शनं आणा, रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवा, रात्री खोलीत कुणीतरी थांबा. अमेरिकेतल्या कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये यातलं एकही काम तुमच्या वाट्याला येत नाही. औषधं हॉस्पिटलच्या फार्मसीतून थेट वॉर्डात येतात, जेवणाचा ट्रे येतो, अंग पुसायलासुद्धा माणूस असतो. त्यामुळे नव्याने आलेली मंडळी निर्धास्त बसून राहतात आणि तिथेच चुकतात. इथे नातेवाइकाचं काम आहे ते अचूक माहिती द्यायचं, प्रश्न विचारायचं आणि कागद सांभाळायचं. ते तुमच्याऐवजी दुसरं कुणी करत नाही.

आधी कुठे जायचं ते

साधा ताप, घसादुखी, लघवीची जळजळ, पाय मुरगळणं यासाठी प्रायमरी केअर डॉक्टर (म्हणजे तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर) किंवा अर्जंट केअर (अपॉइंटमेंटशिवाय दाखवता येणारं क्लिनिक). छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, न थांबणारा रक्तस्राव, बेशुद्धी यासाठी ९११, म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलवायचा इमर्जन्सीचा नंबर. अशा वेळी स्वतः गाडी चालवत निघू नका. ९११ ला इंग्रजी सुचेना तर नुसतं 'मराठी' म्हणा, ते दुभाषा जोडून देतात. पत्ता आधी सांगा, अपार्टमेंटच्या नंबरासकट. दाराची कडी काढून ठेवा, बाहेरचा दिवा लावा आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

अर्धांगवायूची शंका असेल तर एक वेळ लक्षात ठेवा: माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हे तास त्या वेळेपासून मोजतात. 'सकाळी उठले तेव्हाच असे होते' असं असेल, तर रात्री झोपताना ठीक होते का आणि किती वाजता, ते सांगा. छोट्या हॉस्पिटलात मेंदूचं ऑपरेशन किंवा लहान मुलांचा अतिदक्षता विभाग नसतो. तपासून, स्थिर करून पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात हलवतात. हा हलगर्जीपणा नव्हे, इथली पद्धतच तशी आहे.

आजी-आजोबांच्या गोळ्या नातवंडांनी गिळण्याचे प्रकार होतात, कारण भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपना मुलांना न उघडणारं झाकण नसतं. मूल शुद्धीवर असेल आणि नीट श्वास घेत असेल तर लगेच पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. सेवा चोवीस तास आणि मोफत आहे. गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन बोला.

फ्रिजवर लावायचा कागद

पहिल्या आठवड्यातच घरातल्या प्रत्येकाचा एक कागद तयार करा. नाव अगदी पासपोर्टवर आहे तसं लिहा. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. ते एकदा लिहिलं, एकदा गाळलं की एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात, आणि जुने रिपोर्ट दुसऱ्या फायलीत अडकून पडतात. जन्मतारखेत इथे महिना आधी येतो, म्हणून ५ मार्च म्हणजे ०३/०५. विम्याच्या नोंदीत, फाइलवर आणि पासपोर्टवर ती एकच हवी. दाखल असताना प्रत्येक गोळीपूर्वी नर्स नाव आणि जन्मतारीख विचारते. दहाव्यांदा विचारलं तरी वैतागू नका, चुकीच्या पेशंटला औषध जाऊ नये म्हणूनच ते चालतं.

औषधं लिहिताना ब्रँडचं नाव पुरत नाही. इथल्या डॉक्टरांना 'टेल्मा' किंवा 'थायरोनॉर्म' म्हणजे काय ते कळणार नाही, टेल्मिसार्टन आणि लिव्होथायरॉक्सिन कळेल. 'इकोस्प्रिन' म्हणजे ॲस्पिरिन, 'ग्लायकोमेट जीपी' म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधं एका गोळीत. दोन औषधांच्या गोळीतलं एकच लिहिलं गेलं तर साखर का घसरते किंवा का चढते याचा उलगडा होत नाही. स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवणं सगळ्यात सोपं. पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल या नावाने मिळतं. आईंनी डोलो घेतलेली असताना वर टायलेनॉल दिली तर एकच औषध दुप्पट जातं. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, लिव्हरचा आजार असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या तयार औषधांतही ते असतं, म्हणून बाटलीवरची यादी वाचा.

काढे, भस्मं, च्यवनप्राश, हळदीच्या कॅप्सूल हेही कागदावर लिहा. लोकांना हे सांगायची लाज वाटते, पण काही भस्मांमध्ये शिसं आणि पारा असतो, आणि हळद-लसणीच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. ऑपरेशनपूर्वी हे भूलतज्ज्ञाला ठाऊक असलंच पाहिजे.

भारतातून नुकतेच आला असाल आणि ताप असेल, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. 'भारतातून अमुक तारखेला आलो' हे पहिल्याच वाक्यात सांगा. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड इथल्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले नसतात, आणि प्रवास कळल्याशिवाय त्यांच्या तपासण्या लिहिल्या जात नाहीत. फार दिवसांचा खोकला असेल तर टीबीच्या शंकेने वेगळ्या खोलीत ठेवतील. लहानपणी बीसीजी टोचलेलं असतं, त्यामुळे त्वचेवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. बीसीजी झाल्याचं सांगून रक्तातली चाचणी करता येईल का, ते विचारा.

इमर्जन्सीत

पैसे किंवा विमा नाही म्हणून इमर्जन्सी विभाग तुम्हाला परत पाठवू शकत नाही. १९८६ च्या कायद्याप्रमाणे आधी तपासणी आणि जिवावरचा धोका टाळण्याइतके उपचार करावेच लागतात, व्हिसा कोणताही असो. विम्याचं कार्ड मागतील, नसेल तर तसं सांगा.

आधी आलात म्हणून आधी आत घेत नाहीत. ट्रायाज नर्स, म्हणजे कुणाला आधी पाहायचं ते ठरवणारी नर्स, बहुतेक ठिकाणी १ ते ५ अशी पातळी ठरवते, १ म्हणजे सगळ्यात गंभीर. पाचव्या पातळीचा माणूस चार-पाच तास बसू शकतो. थांबलेलं असताना काही खायला-प्यायला देण्याआधी नर्सला विचारा, कारण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. बाहेर बसलेलं असताना दुखणं वाढलं, घाम फुटला, ओठ निळसर दिसले तर उठून काउंटरवर सांगा. नर्सने पुन्हा तपासावं हा तुमचा हक्क आहे. कंटाळून न सांगता निघून जाऊ नका.

ताप फॅरनहाइटमध्ये सांगा, १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला इतका ताप आला तर सकाळची वाट न पाहता दाखवावं लागतं.

भाषा

घरच्या मुलाला दुभाषा करू नका. अकरा वर्षांच्या नातीने आजीला कॅन्सरची बातमी मराठीत सांगायची, हे तिच्यावर ओझं आहे, आणि त्यात चुकाही होतात. हॉस्पिटलने मोफत दुभाषा द्यायचा असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो बहुधा फोनवर किंवा चाकांच्या स्टँडवरच्या स्क्रीनवर येतो. 'इंडियन' म्हटलंत तर हिंदी जोडतील, म्हणून 'मराठी' हाच शब्द वापरा आणि फाइलवर लिहून घ्या. दुभाषाशी नव्हे, डॉक्टरांकडे पाहून बोला, एका वेळी दोन वाक्यं.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी करून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे निदान आधी मुलाला सांगतात आणि आईपासून लपवतात. इथे शुद्धीत असलेल्या पेशंटला थेट सांगतात, आणि तिच्या परवानगीशिवाय मुलालाही सांगत नाहीत. सगळं मुलाशीच बोलावं अशी आईंची इच्छा असेल, तर ती त्यांनी स्वतः, दुभाषामार्फत, पहिल्या दिवशी सांगायला हवी. दाखल होताना 'हृदय थांबलं तर काय करायचं' आणि 'तुमच्या वतीने निर्णय कोण घेईल' असंही विचारतात. ऐकायला अशुभ वाटतं, पण मोठ्या माणसांना हे नेहमीच विचारतात. त्याचा अर्थ आशा संपली असा नाही.

खोलीत

तुमचे नेहमीचे डॉक्टर बहुधा येणार नाहीत. वॉर्डातले पेशंट हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त दाखल पेशंट पाहणारा डॉक्टर, पाहतो आणि तो दर काही दिवसांनी बदलतो. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आजच्या नर्सचं नाव आणि आजचा बेत लिहिलेला असतो. राउंड साधारण किती वाजता असतो ते आदल्या संध्याकाळी विचारा आणि प्रश्न कागदावर तयार ठेवा. डॉक्टर पाच-सात मिनिटंच थांबतात.

दुखण्याला ० ते १० असे आकडे विचारतात. आपली वडीलधारी माणसं सवयीने 'बरं आहे' म्हणतात, मग फाइलवर शून्य लिहिलं जातं आणि दुखण्याचं औषध मिळत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. खरा आकडा सांगायला आधीच शिकवून ठेवा. बाथरूमला जाताना बटण दाबून नर्सला बोलवायचं. संकोचाने एकटं उठून पडणं हा वयस्कर पेशंटला असलेला मोठाच धोका आहे. बायकांना अंग पुसायला किंवा बाथरूमला बाई हवी असेल तर मागता येते, शक्य असेल तेव्हा देतात.

ऑपरेशन किंवा एमआरआयपूर्वी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ सगळं काढावं लागतं. बोटात रुतलेली अंगठी किंवा न निघणारी जोडवी आदल्या दिवशीच साबण लावून काढून घरी ठेवा. कवळी आणि श्रवणयंत्र नाव लिहिलेल्या डबीत घाला, ट्रेवरच्या टिश्यूत गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते.

जेवणात 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर अंडं येतं. नुसत्या पातळ पदार्थांचं पथ्य असेल तर चिकनचं सूप आणि प्राण्यांच्या जिलेटिनची जेली येते. मांस, मासे, अंडी, चिकनचं सूप आणि जिलेटिन नको असं एकेक नाव घेऊन आहारतज्ज्ञाला सांगा. घरचा डबा चालतो, पण नर्सला दाखवून. मधुमेही पेशंटचं इन्सुलिन बऱ्याचदा ट्रेवरच्या जेवणाच्या हिशेबाने ठरतं, वर दोन पोळ्या आणि शिरा पोटात गेला तर तो हिशेब चुकतो. हृदय अशक्त असेल तर लोणचं-पापड नको. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर पालक-मेथी अचानक वाढवू नका.

भेटायला जाताना

दाराशी ओळखपत्र दाखवून बिल्ला घ्यावा लागतो. एका वेळी किती जण आत जाऊ शकतात याचा प्रत्येक हॉस्पिटलचा नियम वेगळा, आधी फोन करा. दहा जणांनी एकदम जाऊ नये. उदबत्ती, निरांजन, कापूर अजिबात नको, ऑक्सिजनजवळ ठिणगीसुद्धा घातक आहे. देवाचा फोटो आणि जपमाळ खुशाल ठेवा. अतिदक्षता विभागात फुलं चालत नाहीत, लेटेक्सचे फुगे बहुतेक कुठेच नाहीत. खोकला किंवा जुलाब असेल तर घरीच थांबा.

बाळंतपण

नेहमीच्या बाळंतपणानंतर किमान ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास मुक्कामाला विम्याने नाही म्हणू नये, असा कायदा आहे. तुम्ही आणि डॉक्टर ठरवून आधीही घरी जाऊ शकता. मागे तोंड करून बसणारी बाळाची कार सीट आधीच गाडीत बसवून ठेवा. जन्मदाखल्याच्या फॉर्मवर नाव जसं लिहाल तसंच पुढे सगळीकडे जाईल, म्हणून बारशाआधीच स्पेलिंग ठरवा. नोकरीतल्या विम्यात बाळाचं नाव ३० दिवसांत घाला. विसरलात तर पुढच्या नोंदणीपर्यंत बाळ विम्याबाहेर राहू शकतं.

मदतीला आलेल्या आजीला प्रेमाने पण स्पष्ट सांगा: एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. घुटी नको. आणि भारतातून आणलेलं काजळ नको, काही काजळात शिसं सापडलेलं आहे.

बिल

एकच बिल येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं, एक्स-रे वाचणाऱ्याचं, भूलतज्ज्ञाचं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, कधी दोन महिन्यांनी. विमा कंपनीचा 'हे बिल नाही' असं छापलेला हिशेब आल्याशिवाय पैसे भरू नका. दोन्हींतली तुमच्या वाट्याची रक्कम जुळली पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासूनच्या कायद्याने इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचे, म्हणजे तुमच्या विमा कंपनीशी करार नसलेले, डॉक्टर आले तरी नेटवर्कमधल्या दराइतकाच वाटा तुमच्याकडून घेता येतो. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्यात येत नाही. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्याला हे संरक्षण गृहीत धरू नका.

रक्कम आवाक्याबाहेर असेल तर ओळन्‌ओळ तपशिलाचं बिल मागा आणि आर्थिक मदतीचा अर्जही मागा. ना-नफा हॉस्पिटलांना अशी योजना ठेवावीच लागते, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून किमान २४० दिवस अर्ज स्वीकारावा लागतो. क्रेडिट कार्डावर भरून मोकळे होण्याआधी हे करा, एकदा भरलं की घासाघीस करायला जागा कमी उरते.

आई-वडील परत जाणार असतील तर विमानाच्या निदान आठवडाभर आधी मेडिकल रेकॉर्ड्स विभागात सही करून डिस्चार्ज समरी आणि स्कॅनची सीडी घ्या. सही पेशंटची लागते, म्हणून त्यांना सोबत न्या. औषधांची यादी मूळ नावांनी लिहून घ्या, म्हणजे सांगलीतल्या केमिस्टला तीच औषधं शोधून देता येतील.